पीसीओएस, पाळी आणि मूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ओपीडीत, फोनवर आणि रात्री उशिरा येणाऱ्या मेसेजमध्ये मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. बायका ज्या शब्दांत विचारतात, शक्यतो त्याच शब्दांत ते इथे ठेवले आहेत. सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी आला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची नावं समजण्यासाठी दिली आहेत, मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करण्यासाठी नाहीत.

१. एका डॉक्टरांनी पीसीओडी लिहिलं, दुसऱ्यांनी पीसीओएस. मला दोन आजार आहेत का?

नाही, आजार एकच आहे: पॉलिसिस्टिक ओव्हरी, म्हणजे बीजकोशातून (ओव्हरीतून) बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास. पीसीओडी हे जुनं नाव आपल्याकडे रुळलं आहे. पीसीओएस हे आज जगभर वापरलं जाणारं नाव. 'पीसीओडी साधा आणि पीसीओएस गंभीर' असं इंटरनेटवर वाचायला मिळतं, त्याला आधार नाही. १९३५ साली शिकागोतल्या स्टीन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांवरून या आजाराचं वर्णन केलं, म्हणून काही जुन्या पुस्तकांत त्यांच्या नावाचा सिंड्रोम असंही लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका स्त्रीला हा त्रास असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना आपल्याला तो आहे हे माहीतच नसतं.

२. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी आल्या आहेत. ऑपरेशन करून काढाव्या लागतील का?

काढाव्या लागत नाहीत, कारण त्या गाठी नाहीतच. रिपोर्टमधला 'सिस्ट' हा शब्द घात करतो. घरी गेल्यावर त्याची 'गाठ' होते आणि सासर-माहेरपर्यंत पोहोचेतो तिचा कॅन्सर होतो.

सोनोग्राफीच्या पडद्यावर मी बायकांना स्वतः दाखवते: करड्या रंगाच्या बीजकोशाच्या कडेने काळे, गोल, बारीक ठिपके दिसतात, जणू माळेत मणी ओवले आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फॉलिकल, पाण्याची इवलीशी पिशवी, आणि तिच्यात एक स्त्रीबीज. एरवी दर महिन्याला यातली एक पिशवी मोठी होत होत १८ ते २० मिलिमीटरची होते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये बऱ्याच पिशव्या वाढायला लागतात, पण २ ते ९ मिलिमीटरवरच थबकतात. म्हणजे बीजं आहेत, भरपूर आहेत, फक्त वेळेवर सुटत नाहीत. या पानावरचं जवळजवळ प्रत्येक उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

रिपोर्टमध्ये ४-५ सेंटिमीटरची एकच मोठी सिस्ट लिहिली असेल तर ती वेगळी बाब आहे, ती डॉक्टरांना वेगळी दाखवा.

३. मग मला पीसीओएस आहे हे नक्की कशावरून ठरतं? नुसत्या सोनोग्राफीवरून चालतं का?

नुसत्या सोनोग्राफीवरून नाही. २००३ साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही वापरतात. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. पहिली, पाळी अनियमित असणं: ३५ दिवसांहून जास्त किंवा २१ दिवसांहून कमी अंतर, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. दुसरी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण: हनुवटीवर-ओठांवर-पोटावर राठ केस, हट्टी मुरुमं, भांगाजवळ केस विरळ होणं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असणं. तिसरी, सोनोग्राफीतलं ते माळेसारखं चित्र. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ स्त्रियांमध्ये या तिसऱ्या गोष्टीऐवजी एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारा हार्मोन) ही रक्ततपासणीही चालते. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरजच नाही.

यात एक मेख आहे: अशीच लक्षणं थायरॉइडमुळे, प्रोलॅक्टिन वाढल्यामुळे किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषामुळेही दिसतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडची), प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या तपासण्या होईपर्यंत शिक्का मारून घेऊ नका. हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासलं तर आकडा फसवा येतो, हेही डॉक्टरांना सांगा.

काही महिन्यांत आवाज घोगरा होऊ लागला, केस झपाट्याने वाढले तर थांबू नका. ते पीसीओएसचं वागणं नाही. तो आजार सावकाश चालतो.

४. मुलगी १५ वर्षांची आहे, दोन-दोन महिने पाळी येत नाही. आत्ताच पीसीओएस म्हणायचं का?

पहिली पाळी कधी आली त्यावर अवलंबून आहे. पहिल्या वर्षात पाळी कशीही पुढेमागे झाली तरी ते शरीर शिकत असल्याचं लक्षण आहे. एक ते तीन वर्षांच्या काळात ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. तीन वर्षांनंतर मोठ्यांचेच नियम लागू होतात. तुमच्या मुलीला पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली असतील आणि अंतर सतत ६० दिवसांचं असेल, तर तिला दाखवून घ्या. वय १५ होऊनही पाळी आलीच नसेल, तरीही दाखवा.

पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत पीसीओएस ठरवण्यासाठी सोनोग्राफी किंवा एएमएच वापरू नये, कारण निरोगी मुलींमध्येही त्या वयात बीजकोश तसेच दिसतात. या वयात निदान करायला अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोनच्या खुणा, दोन्ही हव्यात. एकच असेल तर 'शक्यता आहे, लक्ष ठेवू' एवढंच म्हणावं. आणि माझी आईला कळकळीची विनंती आहे: मुलीच्या समोर 'हिला पुढे मूल होईल ना हो?' असं विचारू नका. ती मुलगी ते वाक्य दहा वर्षं घेऊन फिरते.

५. हे मला का झालं? बाहेरचं खाल्लं, उशिरा झोपले, म्हणून का?

तुमच्या एखाद्या चुकीमुळे झालेलं नाही. हा कल बराचसा घराण्यातून येतो. आईला, मावशीला, बहिणीला अशीच पाळी, किंवा घरात वडिलांना-काकांना मधुमेह, असं पुष्कळदा सापडतं.

आत काय घडतं ते असं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. हे जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. मेंदूकडून येणारा एलएच हा हार्मोनही चढा असतो, तोही त्यात भर घालतो. या वातावरणात पिशव्या मधेच थबकतात, बीज सुटत नाही, आणि बीज सुटलं नाही की पाळीचं वेळापत्रक कोलमडतं. वजन वाढलं की इन्सुलिनचा हा गोंधळ वाढतो. जागरण आणि बैठं काम त्याला मदत करतात, पण मूळ तिथे नाही.

मानेवर, काखेत मळासारखा काळा, मखमली पट्टा दिसतो ना, तो याच इन्सुलिनचा. कित्येक मुली तो दगडाने, लिंबाने घासून कातडी सोलून घेतात. तो मळ नाही. इन्सुलिन खाली आलं की तो हळूहळू फिका होतो.

६. माझं वजन ४८ किलो आहे. बारीक बाईला पीसीओएस कसं?

होऊ शकतं. बारीक अंगाच्या स्त्रियांमध्येही इन्सुलिनचा हा दोष सापडतो, आणि भारतीयांमध्ये हातपाय काटकुळे पण पोटावर चरबी अशी ठेवण बरीच दिसते. म्हणून काट्यासोबत कमरेचा घेर मोजा. ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखरेची तपासणी करून घ्यायलाच हवी. घेर कमी असेल तर वजन उतरवायच्या मागे लागू नका. तुम्हाला व्यायाम हवा तो स्नायूंसाठी. आणि वजन मुळात खूपच कमी असेल, खाणं तुटपुंजं आणि व्यायाम अती असेल, तर पाळी त्या कारणाने थांबलेली असू शकते. त्याचा उपचार बरोबर उलटा आहे, पोटभर खाणं.

७. तीन-चार महिने पाळी येत नाही, पण त्रास काहीच नाही. उलट सुटल्यासारखं वाटतं. येऊ दिली नाही तर चालेल का?

चालणार नाही. बीज सुटलं नाही तरी गर्भाशयाच्या आतलं अस्तर इस्ट्रोजेनमुळे जाड होत राहतं. बीज सुटल्यावर जे प्रोजेस्टेरॉन तयार होतं, तेच अस्तर आवरून धरतं आणि वेळेवर गळून पडायला लावतं. ते तयारच झालं नाही तर अस्तर महिनोन् महिने साठतं. मग एकदा पाळी आली की पंधरा-वीस दिवस थांबत नाही, रक्त कमी होतं. आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हा कॅन्सर तरुण वयात एकूणच कमी होतो, म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

९० दिवसांहून जास्त काळ पाळी लांबू द्यायची नाही, असं मी सर्वांना सांगते. आधी घरी लघवीची गरोदरपणाची तपासणी, ती निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. त्या संपल्यावर पाळी येते. यातलं गर्भनिरोधक काहीच नसतं, हे ध्यानात घ्या.

गणपती, लग्न, वारी यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या वेगळ्या कारणासाठी असतात. सणासाठी त्या परस्पर आणून घेणाऱ्या बायका दर श्रावण-भाद्रपदात माझ्याकडे नंतर महिनाभर अंगावरून जातंय म्हणून येतात. पीसीओएस असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

८. हार्मोनच्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, असं जाऊबाई म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. संततिनियमनाच्या गोळ्यांनी पाळी वेळेवर येते, अस्तराचं रक्षण होतं, मुरुमं आणि राठ केस कमी होतात. बंद केल्यावर बीजकोश पूर्वी जसा वागत होता तसा वागू लागतो. पाळी पूर्वी अनियमित होती म्हणून पुन्हा अनियमित होते, आणि दोष गोळ्यांवर जातो.

पण या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत. रक्ताची गाठ होऊन गेली असेल, ब्लडप्रेशर जास्त असेल, डोळ्यांसमोर झगमग होऊन मग अर्धशिशी होत असेल, किंवा ३५ च्या पुढे धूम्रपान असेल, तर नकोत. आणि मूल हवं असेल त्या काळात अर्थातच नकोत.

९. लग्न ठरतंय. मुलाकडच्यांना सांगू का? मला मूल होईल ना?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते: बहुतेक जणींना होतं. काहींना आपोआप, काहींना महिन्याचे पाच दिवस गोळ्या घेऊन, थोड्या जणींना त्याहून पुढे जाऊन. मूल न होण्याच्या कारणांमध्ये हे कारण उपचाराला चांगलं दाद देणारं आहे.

सांगायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. मी इतकंच म्हणेन की होणाऱ्या नवऱ्याला सांगावं, त्याच्या अख्ख्या गोतावळ्याला नव्हे. 'माझी पाळी अनियमित आहे, त्यावर उपचार आहे, मूल हवं असेल तेव्हा कदाचित औषध लागेल' ही तीन वाक्यं पुरेशी आहेत. आणि 'लग्न झालं की आपोआप नीट होईल' म्हणून कुणी घाईने लग्न लावत असेल तर त्या घाईला वैद्यकीय आधार काहीच नाही.

१०. प्रयत्न करून किती महिन्यांनी डॉक्टरकडे जावं?

पाळी दर महिन्याला नेमाने येत असेल तर वर्षभर, वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने. पण पाळी दोन-तीन महिन्यांनी येत असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. वर्षात बारा संधींऐवजी तुम्हाला चार ते सहाच मिळत आहेत. ठरवलंत की लगेच या.

येताना नवऱ्याला सोबत आणा. बायकोला दोन-दोन वर्षं गोळ्या, इंजेक्शनं, पण नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही झालेली नाही, असं मी आजही पाहते. 'आमच्याकडे तसलं काही नसतं' असं सासूबाई सांगतात. ही तपासणी साधी आहे, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. दोष दोघांतही असेल तर नुसत्या बायकोच्या गोळ्यांनी काहीच साधत नाही.

मूल हवं ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, पाळी चुकायची वाट न पाहता. वजन किंवा मधुमेहामुळे काहींना जास्त लागतं, ते डॉक्टर सांगतील.

११. बीज कधी सुटतं ते घरी कसं कळेल? कीट रोजच पॉझिटिव्ह येतंय.

ते कीट एलएच मोजतं, आणि पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढा असू शकतो (प्रश्न ५). म्हणून कीट फसवतं. मोबाइलमधलं अ‍ॅपही फसवतं, कारण ते चौदावा दिवस गृहीत धरतं.

एक बाई माझ्याकडे कालनिर्णयाची वर्षभराची पानं घेऊन आल्या होत्या. लाल पेनाने पाळी, निळ्या पेनाने पारदर्शक, बुळबुळीत, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा तार येणारा स्राव. बारा पानांत पाच लाल गोल, आणि त्यातल्या तिघांच्या आधी साधारण दोन आठवड्यांवर निळी खूण. इतकी चांगली नोंद मी क्वचित पाहिली. तुम्हीही असंच करा. तसा स्राव दिसला की एक दिवसाआड संबंध ठेवा. स्राव ओळखता येत नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा संबंध ठेवा, तारखांचा हिशेब सोडून द्या.

'एकविसाव्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन' ही तपासणीही २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. तुमची पाळी ४० दिवसांनी येत असेल तर ती साधारण तेहतिसाव्या दिवशी करायला हवी. नाहीतर रिपोर्ट विनाकारण वाईट येतो.

१२. 'आधी वजन कमी करा' एवढंच सांगून पाठवतात. नेमकं किती?

आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ७० किलोच्या बाईसाठी साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही काही जणींची पाळी आपोआप नेमाची होते. 'वीस किलो उतरवा, मग या' असं सांगणं मला मान्य नाही. त्याने बाई खचते आणि परत येत नाही. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ च्या वर गेला की जोखीम सुरू होते, म्हणून पाश्चात्त्य तक्ते पाहू नका.

वयाचाही विचार हवा. २४ वर्षांच्या मुलीला सहा महिने वजनावर काम करायला सांगता येतं. ३६ वर्षांच्या बाईचे तेच सहा महिने फार मोलाचे असतात. तिथे दोन्ही एकदम सुरू करावं.

व्यायामाचं माप: आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजन उतरवायचं असेल तर किमान २५० मिनिटं. 'मी दिवसभर घरकाम करते' हे खरं आहे आणि ते कष्टाचं आहे, पण त्यात सलग अर्धा तास धाप लागत नाही.

१३. खायचं काय? भात, पोळी, दूध सगळं बंद करायला सांगितलंय.

पीसीओएससाठी खास असा कुठलाही एक आहार सिद्ध झालेला नाही. जो तुम्ही दोन वर्षं पाळू शकाल तो चांगला. दूध आणि गहू सरसकट सोडायचं कारण नाही.

घरातल्या ताटातच बदल करा. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला द्या. मटकी, मूग, चवळी, हरभऱ्याची उसळ रोज एक वेळ, वाटीभर, आमटीतले चार दाणे नव्हेत. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी पोट जास्त वेळ भरलेलं ठेवते, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब तोच. भात खायचा तर मूदभर, वरणासोबत. नुसत्या पोह्यांऐवजी त्यात मटार, दाणे, सोबत अंडं किंवा ताक. मासे-अंडी खात असाल तर उत्तम.

सर्वांत जास्त नुकसान मला दोन ठिकाणी दिसतं. एक, चहा. दिवसाचे चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत बिस्किटं किंवा खारी. दोन, उपवास. आठवड्याचे दोन उपवास आणि त्यात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, साखर झपाट्याने चढवतो. उपवास श्रद्धेचा आहे, तो मोडा असं मी सांगणार नाही. राजगिऱ्याची भाकरी, दही, दाण्याची आमटी, फळ, ताक यांवर करा. भगर घेतलीत तर थोडी, आमटीसोबत.

आणि मिश्री. आपल्या भागात ती तंबाखूत धरतच नाहीत. ती तंबाखूच आहे, मूल हवं असेल तर सोडायलाच हवी.

१४. मला मधुमेह नाही, तरी मेटफॉर्मिन का दिलं?

शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून. त्याने साखर मधुमेहाकडे सरकणं लांबतं आणि काहींची पाळी सुधारते. एकट्या मेटफॉर्मिनने बीज सुटण्याचं प्रमाण वाढतं, पण मूल होण्यासाठी पुढच्या प्रश्नातली गोळी अधिक गुणकारी आहे. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. कमी मात्रेपासून, जेवणासोबत घेतलं तर बहुतेकांना सोसतं. वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच.

इनोसिटॉलच्या पुड्यांबद्दलही विचारतात. त्यांचा अपाय फारसा नाही, पण मूल होण्याबाबतचा पुरावा कमजोर आहे. पैसे मोजकेच असतील तर ते तपासण्यांवर खर्च करा असं मी सांगते.

१५. लेट्रोझोल तर कॅन्सरचं औषध आहे आणि भारतात बंदी होती म्हणे. मला का देताय?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ते स्तनाच्या कॅन्सरसाठी आलेलं औषध आहे, आणि २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारतात बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठवली गेली. आज पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी हेच पहिल्या पसंतीचं औषध आहे.

ते काही दिवस इस्ट्रोजेन कमी करतं. मेंदूला ते कळतं, तो बीजकोशाला जोर लावायचा संदेश पाठवतो आणि एखादी पिशवी वाढू लागते. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घ्यायचं. गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत ते शरीरातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. फक्त सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत याची खात्री हवीच.

अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच चक्रांपर्यंत औषध दिलं. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, जुन्या क्लोमिफिनने १९.१ टक्के. बाळांमधल्या जन्मजात दोषांत लक्षणीय फरक नव्हता. हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या महिन्यात यश आलं नाही की बायका रडत येतात. पहिल्या महिन्यातच घडेल अशी अपेक्षा ठेवू नका.

१६. गोळ्यांनी झालं नाही. आता थेट टेस्ट ट्यूब बेबीच का?

आधी पाहायचं, बीज सुटत होतं का. सुटत नसेल तर मात्रा वाढवता येते, मेटफॉर्मिनची जोड देता येते. सुटूनही दिवस राहत नसतील तर नळ्या मोकळ्या आहेत का, वीर्य कसं आहे, हे पाहायला हवं. ही उत्तरं हातात नसताना कुणी मोठ्या पॅकेजची भाषा करत असेल तर दुसरं मत घ्या.

पुढची पायरी म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं, तीही वारंवार सोनोग्राफी करत. किंवा दुर्बिणीतून बीजकोशाला बारीक छिद्रं पाडणं. यात जुळ्यांचा धोका वाढत नाही, पण जास्त छिद्रं पाडली तर बीजांचा साठा घटतो, आत चिकटा होऊ शकतो. दुसऱ्या कारणाने दुर्बीण घालायचीच असेल तर विचार करण्याजोगं. आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब बेबी, त्यानंतर. नळ्या बंद असतील किंवा वीर्यात मोठा दोष असेल तर मात्र सुरुवातच तिथून करावी. २०२१ च्या कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

पीसीओएसमध्ये इंजेक्शनांना बीजकोश कधी कधी अतिरेकी प्रतिसाद देतो. पोट फुगणं, उलट्या, लघवी कमी होणं, धाप लागणं, दोन दिवसांत वजन भराभर वाढणं, यातलं काही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. हा धोका टाळायला आता वेगळ्या पद्धतीचं ट्रिगर इंजेक्शन (बीज पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) देतात आणि गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडतात. 'लगेच का सोडत नाही' म्हणून नाराज होऊ नका, ते तुमच्या जिवासाठी आहे.

१७. हनुवटीवरचे केस काढले की दाट होतात का? कायमचे जातील का?

थ्रेडिंग, वॅक्सिंग, रेझर, कशानेही केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं. गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात. लेझरने काळे केस बरेच कमी होतात, पण हार्मोन आटोक्यात नसतील तर नवे येत राहतात.

इथे एक अडचण आहे. केसांसाठीचं स्पायरोनोलॅक्टोन आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, ही औषधं चालू असताना दिवस राहिले तर बाळाला अपाय होऊ शकतो. वजनाच्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइड प्रयत्न सुरू करण्याआधी किमान दोन महिने थांबवावं लागतं. त्वचेचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळे असतील तर दोघांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा.

१८. पाळी कधीतरीच येते, मग गर्भनिरोधक कशाला?

कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. सहा महिने पाळी नसलेल्या बाईचं एखाद्या महिन्यात बीज सुटलं, तर पाळी न येता थेट दिवस राहतात आणि 'नेहमीसारखीच लांबली असेल' म्हणून चौथ्या महिन्यापर्यंत कळत नाही. आत्ता मूल नको असेल तर साधन वापराच.

१९. दिवस राहिले! आता पीसीओएस संपलं ना?

मनापासून अभिनंदन. पण पहिल्याच भेटीत पीसीओएस आहे हे सांगा. गरोदरपणातला मधुमेह, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि वेळेआधी बाळंतपण, यांची शक्यता तुमच्यात जरा जास्त असते. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी सुरुवातीलाच करा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळू नका. डोहाळजेवणाच्या गडबडीत ती राहून जाते, कारण दोन्ही साधारण एकाच सुमारास येतात. बाळंतपणानंतर साखर पुन्हा एकदा तपासा.

२०. सतत रडू येतं, कुणाकडे जावंसं वाटत नाही. हेही पीसीओएसमुळे का?

पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. त्यात हार्मोनचा भाग आहे, आणि 'गोड बातमी कधी?' या हळदीकुंकवातल्या प्रश्नाचाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस गेला असेल तर हे डॉक्टरांना पाळीच्या तक्रारीइतक्याच स्पष्टपणे सांगा. यावर उपचार आहेत, आणि त्यांतले काही मूल होण्याच्या प्रयत्नांत घेता येतात. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

२१. दोन मुलं झाली, चाळिशी ओलांडली, पाळीही आता नेमाने येते. मी बरी झाले का?

वय वाढतं तशी पीसीओएसमधली पाळी अनेकदा आपोआप नेमाची होते, कारण पिशव्यांची गर्दी कमी होते. पण इन्सुलिनचा कल राहतोच. दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासा, शक्यतो ग्लुकोज पिऊन दोन तासांनी. नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेत सुरुवातीचा बिघाड सुटून जातो. सोबत ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल. घोरणं फार असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही सांगा. पाळीच्या मधेच रक्त जाऊ लागलं किंवा पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर 'वयाचं असेल' म्हणून थांबू नका, अस्तराची तपासणी करून घ्या. आणि पुढच्या वेळी येताना मुलीला, धाकट्या बहिणीला त्यांच्या पाळीच्या तारखा लिहून ठेवायला सांगा.